तीन भावांची तीन औषधं

शालूची जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती. अडीच वर्षांची पोर, आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. मालवणात दवाखाना घालून मला बरीच वर्षं झाली होती, पण ही लक्षणं काही जुळेनात.

"खाल्लेला सगळा ओकता," तिची आई सुलभा म्हणाली. "पाणी मात्र सारखा मागता, नि सारखा मुतता."

मधुमेहाची शंका आली म्हणून लघवी तपासली. साखर नव्हती.

याच पोरीचा मुडदूस मी चतुर्थीआधी ओळखला होता. ड जीवनसत्त्व कमी पडलं की हाडं मऊ राहतात आणि पाय वाकतात, तो मुडदूस. उन्हात कातडीच ते जीवनसत्त्व बनवते. मालवणात उन्हाला काय तोटा! पण नाजूक पोर म्हणून हिला कायम माजघरात ठेवलेली. मी मोठ्या डोसची एकच कुपी लिहून दिली. ती मुंबईत मिळायची. शालूचा बाप आणि दोघे काका तिकडेच नोकरीला होते, म्हणून निरोप तिघांना गेला.

"माझं औषध किती दिलंत?"

"एकच कुपी, ह्येंनी मुंबैसून हाडलेली. तुमी सांगल्यात तशी."

"आणि दुसरं काही?"

"दुसरा काय्येक नाय. दोघा भावजींनी हाडलेली औषधा तेवढी."

सुलभाची सासू सोबत आली होती, तिला मी घरी पिटाळलं. परत येऊन तिने पिशवीतून एक थेंबांची बाटली आणि गोळ्यांचा डबा काढला. नावं वेगळी, आत तेच ड जीवनसत्त्व. थोरल्या दिरांचं सकाळी, धाकट्यांचं रात्री, चतुर्थीपासून रोज चाललेलं.

"अगो, कुणाला विचारलंत?"

"दोघांनी हौसेन हाडल्यानी," सुलभा म्हणाली. "एकाचा दिलंय नि दुसऱ्याचा ठेवलंय तर घरात काय होईत?"

"पाय तर सरळ होतत," सासू म्हणाली.

पाय खरंच सुधारले होते. पण हे औषध जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं. रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं बिघडतात. मी औषधं बंद केली, दूधही बंद केलं आणि फोंडाघाटातून तिला कोल्हापूरला पाठवलं. रक्ताचा रिपोर्ट वाचून तिथल्या डॉक्टरांनी मला ट्रंक कॉल केला. पोर जगेल की नाही, ते सांगायला तयार नव्हते.

शालू जगली. पाय सरळ झाले. मूत्रपिंडं मात्र पूर्वीसारखी झाली नाहीत.

पुढच्या रजेत शालूचे थोरले काका दवाखान्यात आले.

"डाक्टरानू, माझ्या औषधान नाय ना झाला?"

थोडं खोटं बोलावंसं वाटलं. पण बोललो नाही.

"दोघांच्याही," मी म्हटलं.

ते तिथेच बाकावर बसले आणि रडले.

तेव्हापासून चिठ्ठी लिहिण्याआधी घरातलं सगळं औषध टेबलावर मांडायला सांगतो. लोक वैतागतात. वैतागू देत.