काट्याची तार

सलीमभाईंच्या जीपचं इंजिन माझ्यामुळं जाम झालं, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काल माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं, तापलेल्या कूलंटचा गोडसर वास आला आणि ती दुपार आठवली.

भावाचं वऱ्हाड सलीमभाईंच्या जीपमधून कळंबला निघालं होतं. वाटेत टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. सलीमभाईंनी जीप कडेला घेतली. "इंजिन गार होऊ द्या. एकच गाडी हाय माझी."

"आरं सलीम, मुहूर्त तुझ्या इंजिनासाठी थांबंल व्हय?" मामा ओरडले.

गॅरेजचं काम शिकलेला मी एकटाच. मी काट्याला जोडलेली सेन्सरची तार उपसली, तसा काटा झटकन खाली आला. "बघा, काटाच बिघडलाय," मी म्हणालो. तार काढली की चांगला काटाही खाली येतो, हे मला माहीत होतं. सलीमभाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून जीप काढली.

ढोकीच्या अलीकडं इंजिन जाम झालं. "पाणी बघून गाडी काढता येत न्हाय?" मामांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. ती जीप पुन्हा रस्त्यावर आली नाही. सलीमभाई दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले.

चूक माझी होती, हे त्याच माणसांसमोर सलीमभाईंना सांगणं अजून राहिलंय.