भोंगाताईंनी न मागितलेली माफी

कुणाची फजिती जिभेमुळे होते, कुणाची नातेवाइकांमुळे. भोंगाताईंची मात्र आयुष्यभर फळांनीच केली. शाळेत असताना त्यांनी सोललेल्या संत्र्याची चिळकांडी तपासणीला आलेल्या साहेबांच्या थेट डोळ्यात गेली. नोकरीच्या मुलाखतीला निघाल्या, तर पर्समधलं केळं गर्दीत पिचलं आणि सगळी कागदपत्रं त्यात माखली. त्यांनी दाखला तसाच पुढे केला आणि म्हणाल्या, "चिकट आहे, पण खरा आहे." पुढे नणंदेच्या घरी शोभेला ठेवलेल्या मेणाच्या सफरचंदाचा भर बैठकीत लचका तोडला. सगळे खो-खो हसले. दुसरी कुणी असती तर तोंड लपवलं असतं. यांनी मेण थुंकलं आणि उलट नणंदेलाच झापलं, "खायचं नाही तर ताटलीत मांडायचं कशाला?"

ओशाळणं हा प्रकार त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. पण पोटासाठी धरलेलं काम नेमकं माफी मागण्याचं होतं, हा दैवाचा चावटपणा.

बसस्थानकाच्या पहिल्या मजल्यावर, फलाटांकडे तोंड करून एक काचेची खोली होती. तिथे सव्वीस वर्षं त्या माइकसमोर बसत. कुठली बस कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटतेय, कुठली अजून वाटेतच आहे, हे खांबाखांबावरच्या भोंग्यांतून सांगायचं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी झाडूवाल्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या त्या भोंगाताई. आणि दर उशिराच्या बसमागे एक ठरलेलं वाक्य जोडायचं: "प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." बसेस अशा, की हे वाक्य दिवसातून दहा-पंधरा वेळा तरी व्हायचंच.

गेल्या वर्षी वरचे पुढचे दात गेले आणि कवळी आली. नवऱ्याने बजावलं, "अगं, आता तरी पेरू कापून खात जा."

"सुरीने कापतात तो भोपळा," ताई म्हणाल्या. "पेरू तोडायचा असतो."

वरकरणी फणकारा होता, पण आतून त्या धास्तावल्या होत्या. नवीन स्थानकप्रमुख आले होते, वयाने लेकाएवढे, आणि त्यांच्या डोक्यात मशीन भरलं होतं. बटण दाबलं की आपोआप बोलणारं. "ताई, कवळीमुळे तुमच्या 'स'ला शिट्टी वाजते," असं त्यांनी चारचौघांत सुनावलंही होतं. बुधवारी मुख्य कार्यालयातून मोठ्या बाई येणार होत्या. त्या ऐकणार आणि माइक ताईंकडे ठेवायचा की मशीनकडे द्यायचा, ते ठरवणार. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माइक गेला तर खालच्या चौकशीच्या खिडकीत बसावं लागणार होतं. पगार तोच होता, पण ताईंना पगार नको होता, माइक हवा होता. आपण बोललो की शेकडो माणसं पिशव्या उचलून चालू लागतात, याचं सुख त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

बुधवारी पावणेचारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. एकही शिट्टी नाही. ताई खूश झाल्या, आणि खूश झाल्या की त्यांना भूक लागायची. डब्याशेजारी पेरू होता, हिरवा आणि चांगला टणक. त्यांनी घोषणा संपवली, पेरू उचलला आणि माइकचा खटका बंद करायला विसरल्या.

कर्रकन आवाज झाला. आठही फलाटांवर झाला. पाठोपाठ भोंग्यातून ऐकू आलं, "मेल्या, दात घेऊन कुठे निघालास? सोड! सोड म्हणते ना!"

कवळी पेरूत रुतून बसली होती. ताईंनी सहज काचेतून खाली पाहिलं, तर अख्खं स्थानक माना वर करून त्यांच्याकडे बघत होतं. तिसऱ्या खांबाखाली स्थानकप्रमुख होते आणि त्यांच्या शेजारी मोठ्या बाई.

तेवढ्यात फोन वाजला. चारला दहा कमी असताना सुटणारी गाडी तीनऐवजी सात नंबरला लागतेय, लगेच सांगा. कवळी काही निघेना. ताईंनी पेरू बाजूला ठेवला आणि तशाच बोळक्या तोंडाने माइकवर ओणवल्या. शब्द तोंडातून भिजल्या कागदासारखे निघत होते. मग त्यांनी आकड्यावर भिस्त ठेवलीच नाही. "निळी बस! टपावर शिडी आहे ती! पाण्याच्या टाकीपाशी! आजोबा, काठीवाले, तुम्हीसुद्धा! तिकडे नाही, उजवीकडे!" काठीवाले आजोबा उजवीकडे वळले. त्यांच्यामागे अख्खी रांग वळली आणि गाडी भरून वेळेवर सुटली.

ताईंनी या खेपेला आठवणीने खटका बंद केला. मग दार उघडलं.

"स्थानकाची अब्रू वेशीला टांगलीत तुम्ही," स्थानकप्रमुख आत येता येताच कडाडले.

मोठ्या बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. त्या खुर्ची ओढून बसल्या. "ताई, गाडीचं तुम्ही छान निभावलंत. पण झाला प्रकार लोकांनी ऐकलाय. माइकवर एक वाक्य बोला, 'झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे.' मशीनचा विषय मी आजच बंद करते."

एक वाक्य. तेही तोंडात बसलेलं. ताईंना मोह झाला नाही असं नाही, चांगला झाला. त्यांनी पेरू हातात घेतला, जोर लावून कवळी उपटली, बाटलीतल्या पाण्याने बिया धुतल्या आणि कवळी तोंडात बसवली. बोलायचं होतं ते दातांनिशी बोलायचं होतं. मग त्यांनी खटका वर केला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. मघाशी पेरू मी खात होते. सव्वीस वर्षं मी तुमची माफी मागतेय. टायर फुटला म्हणून मागितली, ड्रायव्हर आला नाही म्हणून मागितली, धुकं पडलं म्हणूनसुद्धा मागितली. त्यातलं एकही माझं नव्हतं. हा पेरू माझा होता, भूक माझी होती आणि दातही माझेच आहेत. याची माफी मी मागणार नाही. चारची गाडी वीस मिनिटं उशिरा येईल. ती का उशिरा, ते साहेबांना विचारा. ते इथे माझ्या शेजारीच उभे आहेत."

आवाज स्वच्छ होता. एकही शिट्टी वाजली नाही.

मोठ्या बाईंनी मान हलवली, हसू दाबलं आणि फायलीवर सही केली. हसू येणं वेगळं आणि नियम वेगळा. एक तारखेपासून मशीन लागलं आणि ताई चौकशीच्या खिडकीत आल्या. पहिल्या दिवशी भोंग्यातून परका आवाज आला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही, येऊ दिलं.

पण परक्या आवाजाला इथल्या गावांची नावं येईनात. लोक भलत्याच गाड्यांत बसू लागले, भांडणं स्थानकप्रमुखांच्या टेबलापर्यंत पोचली. पंधरवड्यात ते खिडकीशी येऊन उभे राहिले. "ताई, नावं तेवढी तुमच्या आवाजात भरून द्याल का?"

ताई वर गेल्या. मशीनवाल्यासमोर त्यांनी सगळी गावं भरून दिली, फलाट दिले, वेळा दिल्या, "उशिरा येत आहे" हेही दिलं. शेवटच्या कागदावर ते ठरलेलं वाक्य होतं. त्यांनी कागद खाली ठेवला.

"हे नाही."

"अहो ताई, एका वाक्याचा तर प्रश्न आहे," स्थानकप्रमुख काकुळतीला आले.

"मग तुम्हीच म्हणा की."

मशीनवाल्याला घरी जायची घाई होती. त्याने माइक साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि वाक्य म्हणून टाकलं.

आता त्या स्थानकात गाडी उशिरा आली की ताईंचा आवाज उशीर सांगतो आणि साहेबांचा आवाज माफी मागतो. दिवसातून दहा-पंधरा वेळा. परवा एका म्हाताऱ्या बाईंनी खिडकीशी येऊन विचारलं, "का गं, हा बिचारा कोण? सारखा माफी मागतोय ते?"

"बिचारा कशाचा?" ताई म्हणाल्या. "गाड्या त्याच्याच आहेत."