सदाला न सांगितलेलं

सदा गेल्याचा भावजयीचा फोन आला, तेव्हा मी टॉवेलची किनार शिवत होते. मशीन थांबवलं. पहिला विचार मनात आला तो हा, की आता तो मला विचारणार नाही. रडू त्यानंतर आलं. महिना झाला, हे कुणाला सांगितलेलं नाही…

सदा माझा धाकटा भाऊ. आम्ही सांगोल्याकडचे मेंढपाळ. चौथीनंतर मी मेंढरांमागं गेले, तो शिकला आणि साम्राज्यांचा इतिहास लिहिणारा प्राध्यापक झाला. इंग्रजांनी लढायांसाठी जगभर नेलेली साधी माणसं, हा त्याचा विषय. आमचा आज्जाही त्यातलाच, पहिल्या महायुद्धात फौजेची खेचरं हाकायला समुद्रापार बसऱ्याला गेलेला. सदा म्हणायचा, कागदात मेलेल्या खेचरांची नोंद सापडते, हाकणाऱ्याचा एक शब्द सापडत नाही.

निवृत्तीनंतर तो माझ्याच शहरात, सात रस्त्याजवळ राहायला आला. रविवारी माझ्याकडं जेवायचा आणि जेवता जेवता विचारायचा. आजी जात्यावर बसली की मला एकटीलाच सगळं सांगायची, हे त्याला ठाऊक होतं.

‘लंडनचं दप्तर माझ्यापुढं उघडलं, अक्का. तू काय उघडत न्हाईस बग.’

‘मला काय ठावं? चौथी शिकलेली बाई मी.’

‘आज्ज्याचं काय शाळंत शिकवत न्हाईत की. आजीनं काय सांगितलं?’

‘काय न्हाय.’

तो हसला आणि त्यानं ताक मागितलं.

त्याचं शेवटचं पुस्तक मराठीत आलं. आज्ज्याचं पान मी ओळीवर बोट ठेवून वाचलं. लिहिलं होतं, आमच्या घरात आता कुणालाच काही आठवत नाही. माझं खोटं त्यानं खरं मानून छापलं होतं. तरी मी गप्पच. भावकी काय म्हणेल, ही लाज.

आजीनं सांगितलं ते असं. तिकडं लढाईत शत्रूनं फौजेला वेढा घातला, रसद तुटली, माणसं उपाशी मरू लागली. तेव्हा आज्ज्यानं स्वतः सांभाळलेलं खेचर कापलं आणि खाल्लं. रतन त्याचं नाव. गावी परतल्यावर त्यानं मटण सोडलं, माळ घातली. लोक म्हणाले, देवमाणूस झाला. त्या मानावर आमचं घर जगलं, म्हणून आजीनं कुणाला सांगू दिलं नाही. पण सदा काय कुणी परका होता…

इथं त्यानं मला नक्की अडवलं असतं. ‘रंग कंचा व्हता, अक्का?’

तेही मला माहीत आहे, सदा. काळा. कपाळावर पांढरा ठिपका.