चांगदेवच्या घाटावर एक संध्याकाळ

चित्रकलेच्या कॉलेजात जागा हवी तर मावळत्या उजेडाचं चित्र जागेवर बसून काढून आणा, असं तिथल्या सरांनी अश्विनीला, म्हणजे माझ्या मुलीला, बजावलं. नमुना म्हणून परदेशातल्या कुणा जुन्या चित्रकाराचं चित्र दिलं. त्यात नुसतं आभाळ आणि पाणी. ना माणूस, ना देऊळ! मी म्हटलं, "चल चांगदेवला. तापी-पूर्णेचा संगम आहे, देवदर्शनही होईल."

जळगावहून मुक्ताईनगरची एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट. नशिराबाद मागे पडलं की खिडकीतून केळीच केळी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घरून न्या, हॉटेलचा खर्च वाचतो. मुक्ताईचं दर्शन घेऊन रिक्षाने चांगदेव गाठा. रिक्षा भरेपर्यंत थांबलात तर स्वस्त पडते.

घाटावर अश्विनीने कागद मांडला. धुणं आवरणारी एक आजी जवळ आली. "पोरगी काय काढू रायली वं?"

"संध्याकाळ."

"संध्याकाय तं रोजच होते. तिले काढाचं काय?"

सूर्य टेकला. सवयीने मी पिशवीतली पणती काढली, पायरीवर लावली, हात जोडले. तोच अश्विनी ओरडली, "आई, विझव ती! कागद पिवळा दिसतोय, रंगच कळेनात. उजेड चालला गं!"

तिन्हीसांजेला लावलेला दिवा विझवायचा? 'विझव' हा शब्दसुद्धा आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. इकडे पोरीचे डोळे भरून आलेले.

आजीच म्हणाली, "उचल अन् चाल देवळामांगं."

ओंजळीत पणती धरून मी देवळामागे गेले. भिंतीकडे तोंड करून, वाऱ्याला पाठ देऊन बसले. तेल बेताचंच होतं, तरी वात शांत होईपर्यंत अंधार पडला. परतले तर अश्विनी रंगाच्या बोटांनी भाकरी खात होती. "झालं," म्हणाली. (परतीच्या शेवटच्या बसची चौकशी आधीच करून ठेवा. आम्ही धावतच गाठली.)

घरी ट्यूबलाइटखाली चित्र पाहिलं. पाणी आधी केशरी, मग जांभळं, कडेला नुसता राखेचा रंग. मी तिथेच होते आणि यातलं काहीच पाहिलं नव्हतं.

अश्विनीला जागा मिळाली. चित्र मात्र कॉलेजने ठेवून घेतलं. आता दिवेलागणीला मी आधी गच्चीवर जाते. परवा सासूबाईंनी खालून हाक मारली, "काय गं, वाती संपल्या का?"

"वाती आहेत," मी वरूनच म्हटलं, "उजेड अजून संपला नाही."