काळ्या पेनासाठी एकोडीला

नाशिकरोडला गाडीत चढताना माझ्या पाठपिशवीत एक भिंग, पांढरे सुती हातमोजे आणि काळ्या मखमलीचा एक तुकडा होता. कपड्यांची वेगळी बॅग होती, पण जीव सगळा त्या पाठपिशवीत. माणूस मुलगी बघायला निघतो तेव्हा निदान सोबत चार जण तरी असतात. मी एकटाच निघालो होतो आणि तेही पेन बघायला.

शाईची महागडी पेनं जमवणाऱ्या आम्हा लोकांचा फोनवर एक गट आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एकोडी गावच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी त्यावर तीन पेनांचे फोटो टाकले होते. जपानमध्ये नोकरी करणाऱ्या मुलीनं दर दोन-तीन वर्षांनी त्यांना एकेक आणून दिलेलं. आता गुरुजींचा हात थरथरतो, लिहिता येत नाही. ‘जो नीट सांभाळेल त्यानं यावं, एक निवडून न्यावं,’ एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

तिन्ही पेनं उत्तम होती, पण मी तिसऱ्यासाठी वेडा झालो. पितळेची नळी, तिच्यावर जपानी झाडाच्या चिकाचे काळे थर. एक वाळला की दुसरा, असे कित्येक. एक कारागीर अशा एका पेनावर महिनोन् महिने बसतो. ते काळं नुसतं काळं नसतं, विहिरीत वाकून पाहिल्यासारखं आत आत जातं. वर्षानुवर्षं वापरलं की कडांवर खालचं पितळ किंचित दिसू लागतं आणि जाणकार नेमके त्यावरच भाळतात. अकरा वर्षं मी असं पेन शोधत होतो. फोनवर गुरुजींशी बोलताना मात्र मी आवाज अगदी सपाट ठेवला, तिन्हींची चौकशी सारखीच केली. उगाच किंमत वाढायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवर उतरलो. थंडी मऊ होती. भंडाऱ्याच्या बसस्थानकापर्यंत ऑटो केला. ऑटोवाला बोलका निघाला.

“पितळंचे भांडे घ्याले आले का जी?”

“नाही. एक पेन घ्यायला.”

त्यानं आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. “नाशकात पेन भेटत नाई का?”

मी पाठपिशवी मांडीवर ओढून घेतली. मग त्यानंच विषय बदलला आणि यंदाच्या धानाबद्दल (भाताला इकडे धान म्हणतात) सांगत राहिला.

भंडाऱ्याहून एसटीनं साकोली, तिथून दुसऱ्या गाडीनं एकोडी. कापणी नुकतीच उरकली होती. रिकाम्या बांध्यांमधून (बांध घातलेले भाताचे तुकडे) जागोजागी पुंजणे उभे होते, म्हणजे कापलेल्या धानाच्या गंजी. मध्येच एखादा तलाव लागे, त्याच्या पाळीवर बगळे बसलेले. मी कोकणातली भातशेती पाहिली आहे, पण डोंगराचा अडसर नसलेली, नजर संपेपर्यंत सपाट पसरलेली अशी पाहिली नव्हती.

गावात शिरताना पहिली चूक झाली. अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं होतं. मी फोनमध्ये गुरुजींचा पत्ता शोधत होतो आणि माझ्या बॅगेची चाकं थेट त्यावरून गेली. एक बाई खराटा घेऊन धावत आल्या.

“ओ भाऊ! धानावरून काहून चालून राहिले?”

मी ओशाळून माफी मागितली. त्यांनी चाकांच्या रेघा खराट्यानं एका फटक्यात मिटवल्या आणि म्हणाल्या, “राहू द्या जी. कोणाकडे जाता?” मग स्वतःच मला गुरुजींच्या दारापर्यंत सोडून गेल्या.

गुरुजी सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, पांढऱ्या सदऱ्यात. उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवायची त्यांना सवय लागली होती. ओट्यावर त्यांचे वर्गमित्र किसनभाऊ बसले होते. भंडाऱ्यात त्यांचं पितळेच्या भांड्यांचं पिढीजात काम. रुंद पंजे, नखांत मुरलेला काळसर रंग. ते माझ्यासाठी मुद्दाम सकाळच्या बसनं आले होते, असं गुरुजींनी सांगितलं. मला त्याचं कारण कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

आधी जेवण. गुरुजींच्या पत्नींनी, ज्यांना सगळं गाव काकूच म्हणतं, पाटावर बसवून वाढलं. नव्या तांदळाचा मऊ भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, वर मूठभर सांभार (कोथिंबीर). भाताला असा वास होता की नुसता खावा. पण खरं सांगतो, माझं अर्धं लक्ष आतल्या खोलीतल्या कपाटाकडे होतं. काकू तिसऱ्यांदा भात घेऊन आल्या तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला.

हात धुतले. मखमल अंथरली, हातमोजे घातले. किसनभाऊ माझ्या हातमोज्यांकडे डॉक्टरकडे बघावं तसं बघत होते. गुरुजींनी पहिलं पेन ठेवलं, जर्मन, गडद किरमिजी, सोन्याच्या निबाचं. मी भिंगातून पाहिलं, मान हलवली. दुसरं इटालियन, मधासारख्या रंगाचं. तेही पाहिलं. मग गुरुजी किसनभाऊंकडे बघून हसले. किसनभाऊंनी सदऱ्याच्या खिशातून लाल फडक्याची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली.

आत एक पितळेची कांडी होती. लखलखीत, पिवळीधमक. देवघरातली नवी समई असावी तशी.

“आणि तिसरं?” मी विचारलं.

“हेच न जी तिसरं,” किसनभाऊ म्हणाले.

मला क्षणभर काही कळेना. मग टोपणाची घडण ओळखू आली, क्लिप ओळखू आली. काळं नव्हतं. कुठेच नव्हतं. एक कणही नव्हता.

“पाहुणे येऊन राहिले म्हटल्यावर अशीच द्यायची का?” किसनभाऊ मोठ्या अभिमानानं सांगत होते. “पितळ अशी काळी पडलेली कोणी ठेवते का जी? पण लय चिवट काळं होतं. चिंचेनं निघे ना, विटकरीनं निघे ना. मंग खरादीवर घेतली. दोन दिवस लागले.” खराद म्हणजे भांडी फिरवून तासायचं यंत्र, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं, की जगातलं एक सुंदर काळं या माणसानं तासून टाकलं.

मी काय बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी उभा राहिलो. म्हणालो, “सत्यानाश केलात तुम्ही! तो मळ नव्हता, तीच कला होती. अडाण्यासारखं घासून टाकलंत. आता हे मोडीत घाला, दुसऱ्या कशाच्या लायकीचं ठेवलेलं नाही!”

जन्मभर भांडी घडवलेल्या माणसाला मी त्याच्याच हातची वस्तू मोडीत घालायला सांगत होतो. पेनाला मी बोटही लावलं नव्हतं.

काकू दारात थिजल्या होत्या. गुरुजींचा उजवा हात सुटला आणि मांडीवर थरथरत राहिला. किसनभाऊंनी लाल फडकं पुन्हा गुंडाळलं.

“आमाले समजलं नाई जी,” गुरुजी शेवटी म्हणाले. “चुकी झाली. दुसरे दोन आहेत, त्यातलं निवडा. खराब वस्तू तुमाले कशी देऊ?”

मी जर्मन पेन निवडलं. निवडलं म्हणजे काय, जवळचं उचललं. आणलेलं पाकीट गुरुजींसमोर ठेवलं, त्यांनी ते न उघडता फळीवर सरकवलं. किमतीचा शब्दही निघाला नाही.

संध्याकाळची गाडी वरठीहून होती. किसनभाऊही भंडाऱ्याला परतणार होते, त्यामुळे आम्ही एकाच बसमध्ये, एकाच बाकावर आलो. लाखनीपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “एक विचारू का जी? ते काळं कराले माणूस किती दिवस बसते?”

माझा राग अजून गेला नव्हता. “सहा महिने. कधी त्याहून जास्त.”

“सहा महिने,” ते म्हणाले. स्वतःच्या पंजाकडे बघत राहिले. “सहा महिने कोणी एका कांडीवर बसला. अन् मी दोन दिवसात काढून टाकलं. अरे बाप्पा.” थोड्या वेळानं पुन्हा, “त्याले समजलं त काय म्हणंल तो?”

मी चमकलो. इतका वेळ मी माझ्या नुकसानीचा शोक करत होतो. हजारो मैलांवरच्या त्या कारागिराची आठवण मला एकदाही झाली नव्हती. ती झाली यांना.

भंडाऱ्यात वेळ होता. “चहा घेऊन जा जी,” म्हणून ते मला कारखान्यात घेऊन गेले. बाजारामागची अरुंद खोली, कोळशाचा वास, भिंतीला गुंड (पाण्याची मोठी भांडी) आणि घागरी रचलेल्या. कित्येकांच्या गळ्याभोवती ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं होती. आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर नाव घालतात तशी. चहा आला. किसनभाऊंनी दिवा लावला, खराद पुसली आणि खिशातली पुरचुंडी सोडून पेन माझ्यापुढे धरलं.

“याच्यावरचं नाव काढतो आता. तुमचं हाय, तुमाले सांगून काढलेलं बरं.”

“माझं? माझं कसलं नाव?”

मी पेन हातात घेतलं. तेव्हा पहिल्यांदा घेतलं. नळीच्या वरच्या टोकाला, घागरीच्या गळ्याभोवती असावं तसं, इवल्या ठिपक्यांचं एक कडं होतं: श्री. सुरेश आवटे यांस. त्याच्याखाली दुसरं कडं: सप्रेम भेट. अक्षरं इतकी बारीक की माझ्या भिंगाशिवाय धड वाचता येईनात. दोन दिवस का लागले असतील ते आत्ता कळत होतं.

“भेट?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“हो न जी. गुरुजी म्हणे, तीन पेनाचं विचारते पण मन त्याचं काळ्यातच हाय. बोलण्यावरून समजते. अन् पोरीनं देलेलं विकाचं नसते, म्हणे, भेट द्याची. म्हणून नाव घालाले सांगतलं.”

फोनवर सपाट ठेवलेला तो आवाज! चाळीस वर्षं मुलांची तोंडं वाचलेल्या माणसासमोर मी तो खेळ केला होता. आणि निवड करायला मी एकोडीला पोचलो तेव्हा ती कधीच होऊन गेली होती.

“मग आता नाव का काढता?”

“आमच्या घरची रीत हाय जी. नाव घातलेलं भांडं परत आलं, त त्याच दिवशी नाव काढा लागते. नाई त ते भांडं रोज त्या माणसाची वाट पायते.”

मला म्हणायचं होतं, हे मला द्या. अगदी साधे शब्द होते. पण दुपारी जी जीभ इतकी सरसर चालली होती ती आता टाळूला चिकटली. कुठल्या तोंडानं मागू? किसनभाऊंनी थोडं थांबून माझ्याकडे पाहिलं, पेन माझ्या हातातून अलगद घेतलं, खरादीला लावलं आणि बटण दाबलं. मी माझं नाव पिवळ्या धुळीत जाताना पाहत होतो.

“थांबा!” मी ओरडलो.

त्यांनी यंत्र बंद केलं. वरचं कडं गुळगुळीत झालं होतं. खाली ‘सप्रेम भेट’ तेवढं राहिलं होतं.

“मला द्याल ते?”

“तुमाले कायले जी?” त्यांनी खरंच नवल वाटून विचारलं. टोमणा असता तर मी सोसला असता. “खराब झालं न ते.” मग त्यांनी पेन दिव्याजवळ नेऊन फिरवून पाहिलं. “राहू द्या. आता हे कोणालेबी देता येते.”

चहा गार झाला होता, तो मी तसाच प्यायलो. स्टेशनवर, गाडीत, अगदी घरी पोचेपर्यंत जर्मन पेन पिशवीतून बाहेर काढलं नाही. आजवर मी समजत होतो की मला वस्तूंची पारख आहे. समोर उलगडून ठेवलेली एक वस्तू मी वाचूसुद्धा शकलो नव्हतो, आणि ते आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

आठवड्यानं धीर करून गुरुजींना फोन लावला. माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. “काहून जी, चुकी तर आमची होती.” मी पेनाचं विचारलं. ते किसनपाशीच आहे, ते म्हणाले. भांड्यावर नाव घालायच्या आधी तो ते कागदावर त्याच पेनानं लिहून बघतो, शाई छान उतरते म्हणे.

मग आवाज एकदम खाली आणून, शेजारी कोणी ऐकू नये अशा बेतानं, ते म्हणाले, “मी पोरीले सांगून ठेवलं आहे. पुढच्या वर्षी ती तसंच काळं घेऊन येईन, तुमच्यासाठी. अन् या खेपेले किसनले दाखवतच नाई.”

मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो. हो म्हणवेना, नको म्हणवेना.