चित्रात सकाळ का संध्याकाळ

आमच्या पिंपळगावच्या घरात एका रानाचं चित्र आहे. शाळेतले चित्रकलेचे मास्तर आमच्याकडं भाड्यानं राहायचे. त्यांची बदली झाली तेव्हा जाताना देऊन गेले. म्हणाले, दीडशे वर्षांमागं कोण्या गोऱ्या माणसानं काढलेलं आहे, ही छापील नक्कल. दाट झाडी, मधी मोकळी जागा, गवत. उजव्या अंगानं ऊन आत आलेलं. माणूस न्हाई, जनावर न्हाई.

मी ते दक्षिणेच्या भिंतीला लावलं. चौथीच शिकलोय, पण उन्हाचं मला कळतं. दक्षिणेला तोंड केलं की उजवा हात मावळतीला. म्हणजे चित्रात संध्याकाळ. तसं बायकोला सांगितलं.

"गवतावरचं दव दिसत न्हाई का तुम्हाला? सकाळ हाय ती."

"मावळतीकडून दिवस उगवतो का कुठं?"

ती चुलीकडं निघून गेली. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी कपाशीला पाणी देऊन आलो तर चित्र समोरच्या, उत्तरेच्या भिंतीला. नवा खिळा ठोकून बाई मोकळी.

"आता बघा, उजवा हात उगवतीला. बोला!"

मी परत इकडं आणलं. तिनं परत तिकडं नेलं. बत्तीस वर्षं हेच. कधी आठ दिवसांनी, कधी वर्षानं. आमचं वाजलं, अबोला झाला, की एखाद्या दिवशी चित्र हललेलं दिसायचं. मंग समजायचं, राग गेला.

गेल्या माघात ती गेली. चित्र तेव्हा माझ्या भिंतीला होतं. पाळी तिची होती.

तेराव्याला पोरानं तिचा फोटो मोठा करून आणला. गेलेल्या माणसाचं तोंड दक्षिणेला पाहिजे म्हणे. म्हणून उत्तरेच्या भिंतीला, तिनं ठोकलेल्या खिळ्यालाच लावायला घेतला.

मी म्हणलं, "तेवढा खिळा मोकळा ठेव."

"दादा, खिळ्याचं काय एवढं?"

त्याला काय सांगायचं? पाहुणे बसलेले. फोटो तिथंच लागला. तेव्हापासून चित्र जागचं हललं न्हाई.

परवा मीच हातोडी घेतली. फोटोच्या शेजारी दुसरा खिळा ठोकला अन् चित्र तिकडं लावलं. सून चहा घेऊन आली.

"मामा, इकडं आणलं व्हय? छान दिसतंय."

"सकाळ हाय ही."

"हो, सकाळच."

मला रागच आला. चित्र उतरवलं, समोरच्या भिंतीला नेऊन लावलं.

"नीट बघ. संध्याकाळ हाय."

"हो मामा, संध्याकाळच. चहा गार होऊन राह्यला."

पोरगी चांगली आहे, उलटून बोलत न्हाई. मी चहा घेतला. तिनं हातोडी उचलली अन् आत नेऊन ठेवली.