नालीपुढची वांगी

सटवाजी मुकादमाची सायकल कॉलनीत शिरली की बाया आधी बकऱ्या आत घ्यायच्या आणि मग पदर सावरायच्या. नगरपालिकेचा कायदा साधा होता: अंगण नालीपर्यंत. नालीपुढं रस्ता, तिथं फूलझाड नको, भाजी नको. सटवाजी हा कायदा तोंडानं एकदा सांगायचा. दुसऱ्यांदा फावडं सांगायचं.

तुळशीपुढं मात्र फावडं मुकं व्हायचं. ही मेख कॉलनीत पहिल्यांदा वकील माणिकरावांनी ओळखली. नालीपुढं त्यांनी मोगरा लावला, गुलाब लावले आणि कडेला वृंदावन बांधून टाकलं. सटवाजीनं हात जोडले, सायकल वळवली. बघता बघता दारोदारी वृंदावनं उगवली, आणि रस्ता एवढा भाविक झाला की बैलगाडी निघंना.

वृंदावन नव्हतं ते एकट्या केशरबाईंच्या दारात. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. घर बौद्धांचं, तिथं तुळस कशाला असेल? त्यांनी नालीपुढं सरळ वांगी लावली होती. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन, त्यावरून दंगली होऊन वर्ष उलटलं होतं. चहाच्या हॉटेलातसुद्धा माणसं आजूबाजूला बघून बोलायची. अशात ‘रस्ता मोकळा करा’ असा नगरपालिकेतल्या साहेबांचा हुकूम आला, आणि सटवाजी थेट केशरबाईंच्या दारात उतरला.

बाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. “काढा मुकादम, माझं चुकलंच. पण त्या टोकापासून रांगेनं काढत या की.”

“बाई, तिकडं तुळस हाय. तिला कसा हात लावू?”

“तुळस राहू द्या. मोगरा कोणत्या देवाचा?”

सटवाजीनं फावडं या हातातून त्या हातात घेतलं. तेवढ्यात माणिकराव फाटकातून ओरडले, “मुकादम, वाद कशाला घालायलाव? उरका!”

त्यानं उरकलं. फळांनी वाकलेली झाडं एकेक आडवी झाली. शेवटच्या झाडाशी बाई मध्ये आल्या. “थांबा. हे मी काढते.” त्यांनी ते मुळासकट उपटलं आणि त्याच्याकडं न बघता आत गेल्या.

घरी सटवाजीच्या बायकोनं, कडूबाईनं, ताटात मेथी वाढली. मेथी दारातली, नालीपुढच्या वाफ्यातली. वाफ्याच्या कडेला तुळस. ती सटवाजीनंच लावलेली, तीही नोकरी लागल्या लागल्या. सटवाजीनं ताट बाजूला सारलं.

सकाळी त्यानं तुळस उचलून अंगणात नेली आणि वाफ्यावर फावडं चालवलं.

कडूबाई कपाळाला हात लावून म्हणाली, “लोकांची दारं सरली का काय? मुकादम मुकादमाच्याच दारात आलाय!”

सटवाजी हसला नाही. सायकल काढून तो तडक केशरबाईंकडं गेला. बाई शाळेला निघाल्या होत्या.

“बाई, माझ्या दारातलंबी काढलं. सगळं.”

“मग मी काय करू? शाबासकी देऊ?” बाई कडी लावत म्हणाल्या. “ती मी दुसरीतल्या पोरांना देते.”

कडी लावून त्या त्याच्याकडं वळल्या.

“माणिकरावांचा मोगरा काढला?”

“न्हाई.”

“काढणार का?”

सटवाजीनं वकिलांच्या फाटकाकडं पाहिलं. माणिकराव झारीनं पाणी घालत होते. त्यांनी ओळखीचा हात वर केला, आणि सटवाजीचाही हात आपसूक वर गेला.

बाईंनी ते पाहिलं. त्या शाळेच्या वाटेनं चालू लागल्या. सटवाजीनं हात खाली घेतला, पण तो आता कुठं ठेवावा हे त्याला कळंना. त्यानं हँडल धरलं आणि बाई वळणाआड जाईपर्यंत मान खाली घालून सायकलची घट्ट बसलेली चेन उगाच चाचपत राहिला.